वेदारण्यमला निघालेली सोंगटी

हनुमंतरावांच्या धाकट्या मुलीचे, पंकजाचे, लग्न झाले ते एकोणीसशे तीस सालच्या फाल्गुनात. कुंभकोणमच्या मराठी घरांतून त्या लग्नाची पुष्कळ दिवस वाखाणणी चालली होती. पंगतीला लागणारे हंडे, पराती, तपेली असे सगळे लक्ष्मीनारायणांनी आपल्या पितळेच्या दुकानातून बैलगाडी भरून पाठवले होते, आणि चारही दिवस ते स्वतः कमरेला पंचा गुंडाळून वाढायला उभे होते. विहीणबाईंनी विचारले, हे नवरीचे काका का? हनुमंतराव म्हणाले, "काकाच." त्यानंतर दीड महिनाही गेला नाही, आणि हनुमंतरावांनी या माणसाचा घात केला.

दोघे एका गल्लीत वाढलेले, एका पंतोजींच्या हातचा मार खाल्लेले. हनुमंतराव तालुका कचेरीत शिरस्तेदार झाले, लक्ष्मीनारायण वडिलांच्या दुकानात बसले. दर शनिवारी दिवे लागले की हनुमंतरावांच्या ओसरीवर सोंगट्यांचा पट उलगडत असे. समोरासमोर बसणारे दोघे भिडू, ही रीत. तेव्हा हनुमंतराव आणि लक्ष्मीनारायण एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला चंद्रमौलीमास्तर आणि त्यांचा भाचा शामसुंदर. मास्तर पेन्शनीत निघालेले, थट्टेखोर. शामसुंदर नवा वकील, नुकतीच खादी घालू लागलेला. हरले तर कॉफी पाजायची, यापलीकडे पैज कधी लागली नाही.

त्या गल्लीतल्या ओसऱ्या एकमेकींना लागून होत्या. एका ओसरीवर खोकले तर तिसऱ्या ओसरीवर ऐकू जाई. पण या चौघांना त्याची फिकीर नव्हती. शेजारी सगळे तमिळ, आणि मराठी ही घरातली बोली. मुलीला आलेले स्थळ, भावाभावातला तंटा, कुणाच्या सुनेचे वागणे, सगळे ओसरीवर बसून मोठ्याने बोलायचे. शेजाऱ्याला जेवढे कळावे असे वाटे तेवढे तमिळात सांगायचे. आजे-पणजे असेच करत आले होते. दाराला कडी लावून बोलण्याची वेळच कुणावर आली नव्हती.

त्या चैत्रात मिठाचा कायदा मोडायला त्रिचनापल्लीहून वेदारण्यमकडे पायी निघालेली माणसे तंजावर, पापनाशम करीत कुंभकोणमला आली. त्यांना कुणी जेवू घालू नये, थारा देऊ नये, देईल तो तुरुंगात जाईल, असा कलेक्टरचा हुकूम होता. त्या हुकमाच्या नकला हनुमंतरावांनी कचेरीत बसून काढवल्या होत्या. त्यांना त्यात वावगे काही वाटले नाही. सरकारच्या पगारावर तीन मुलींची लग्ने झाली होती. लोकांनी मात्र भाताच्या पुड्या बांधून रस्त्याकडेच्या चिंचांना टांगल्या, आणि माणसे खाऊन पुढे गेली.

त्यांच्यातला एक मागे राहिला. वैद्यनाथ नावाचा विशीतला मुलगा. त्याच्या पायाची जखम चिघळून तो तापाने फणफणला होता. पापनाशमहून गाडीने येताना तो लक्ष्मीनारायणांना रस्त्याकडेला पडलेला दिसला. त्यांनी त्याला घोंगडीखाली घालून आणले आणि दुकानामागच्या गोदामात, हंड्यांच्या रांगेआड निजवले. बायको अलमेलु मुलीच्या बाळंतपणासाठी चोळपुरमला गेलेली. गोदामाचा मागचा दरवाजा हनुमंतरावांच्या परसाकडे उघडत असे. लक्ष्मीनारायण परसातून येऊन हनुमंतरावांच्या बायकोला, मीनाक्षीबाईंना, म्हणाले, "वहिनी, थोडी पेज हवी होती. एक पोर आजारी आहे." मीनाक्षीबाईंनी कोण, कुठला, काही विचारले नाही. दोन वेळा पेज जाऊ लागली.

हनुमंतरावांना हे दुसऱ्याच दिवशी कळले. मीनाक्षीबाईच सांगू लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "मला काही सांगू नकोस. मी ऐकलेलं नाही." आणि पानावरचा भात कालवून जेवले. लक्ष्मीनारायणांशीही त्यांनी तो विषय काढला नाही. एवढे त्यांनी केले होते, आणि त्यांना त्याचा मनातल्या मनात थोडा अभिमानही होता.

शनिवारी पट मांडला. शेजारच्या ओसरीवर शंकरनारायण अय्यर जावयाबरोबर पान खात बसले होते. हा जावई पोलीस ठाण्यात रायटर, म्हणजे कारकून, होता आणि शनिवारी सासऱ्याकडे येत असे. हनुमंतरावांनी बसण्यापूर्वी दोघांची विचारपूस केली होती.

खेळ रंगला. शामसुंदरची एक हिरवी सोंगटी सगळा पट फिरून आपल्या घराशी आली. तिला बोट लावून तो म्हणाला, "ही बघा, वेदारण्यमला निघाली."

"तिला कुणी भात घालू नका हो," मास्तर म्हणाले. "शिरस्तेदार समोर बसलेत."

"भात नको म्हणावं, नुसती वाट द्या."

"वाट कसली देतोस? मागे लक्ष्मीनारायणाची काळी टपून बसलीय. तीन घरांवर."

हनुमंतरावही हसले. "तीनचं दान पडू दे. मग ही सत्याग्रही परत त्रिचनापल्लीला. पुन्हा पहिल्यापासून चाल म्हणावं."

लक्ष्मीनारायणांनी कवड्या घोळवल्या आणि टाकल्या. तीन उताण्या पडल्या.

मास्तरांनी डोक्याला हात लावला. शामसुंदरने सोंगटी उचलून द्यायला हात पुढे केलाच होता. पण लक्ष्मीनारायण पटाकडे पाहत राहिले, आणि मग मागची दुसरीच काळी सोंगटी तीन घरे पुढे सरकवली.

"अरे, मारायची होती ती," हनुमंतराव म्हणाले. "समोर आहे ती दिसत नाही का तुला?"

"दिसली. राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"आज नाही मारत. हात उचलत नाही माझा."

शामसुंदर मांडीवर थाप मारून हसला. "लक्ष्मीनारायणकाकांनी वाट दिली. आता कोण अडवतो?"

"खेळात हे आणायचं नाही," हनुमंतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "सोंगटी म्हणजे सोंगटी. लाकडाचा तुकडा."

"मी कुठं आणलं? नाव त्या पोरानं ठेवलं," लक्ष्मीनारायण म्हणाले. "पण एकदा ठेवलं ना."

"वीस वर्षं तुझा भिडू आहे मी."

"आहेसच की." लक्ष्मीनारायण सावकाश बोलत होते, जसे गिऱ्हाइकाशी बोलत. "हनुमा, पाणीसुद्धा देऊ नका म्हणून जो कागद निघाला, त्याच्या नकला तुझ्या हाताखाली निघाल्या. मी तुला एका शब्दानं विचारलं नाही. पोटाचं काम आहे, म्हटलं. तू मला एवढी एक सोंगटी सोडू दे."

यावर शामसुंदर पटकन म्हणाला, "नकला मात्र सुरेख अक्षरात निघाल्या असणार."

"शाम्या, गप्प बैस," मास्तर म्हणाले. पण तेही गालात हसले होते, आणि हनुमंतरावांनी ते पाहिले.

हनुमंतराव उठून उभे राहिले. गुडघा लागून पटाचे एक टोक मुडपले, सोंगट्या घरंगळल्या. मग ते बोलले, ते तमिळात. कचेरीत शिपायांवर ओरडत त्या आवाजात, त्या भाषेत ते म्हणाले, "मोठा आला मला शिकवणारा. सरकारला हवा असलेला माणूस स्वतःच्या गोदामात पितळेआड लपवून ठेवतो आणि मला शहाणपण सांगतो."

शेजारच्या ओसरीवर सुपारी कातरली जात होती. अडकित्त्याचा आवाज थांबला.

लक्ष्मीनारायणांनी वर पाहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या घरात शिरावे आणि आत भलतीच माणसे दिसावीत, तसे ते पाहत होते. मग त्यांनी उपरणे खांद्यावर टाकले, चपला घातल्या आणि गोदामाच्या दिशेने निघाले. शामसुंदर त्यांच्यामागे धावला.

शेजारचा रायटरही उठला. सासऱ्याला काहीतरी सांगून तो ओसरीच्या पायऱ्या उतरला. हनुमंतराव बघत होते. थांबा, कॉफी होतेच आहे, घेऊन जा, एवढे म्हटले असते तरी तो थांबला असता. शिरस्तेदाराचा शब्द त्याने मोडला नसता, आणि तेवढ्यात एखादी गाडी मिळून मुलगा चोळपुरमच्या वाटेला लागला असता. हनुमंतरावांनी तोंड उघडले नाही. रायटर कोपऱ्यावरून वळला.

गाडी मिळण्याआधी पोलीस आले. मुलाला खांद्यावर घेऊन नेले, लक्ष्मीनारायणांना चालवत. गोदामात मुलाच्या उशाशी पितळेचे एक झाकणाचे भांडे सापडले. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची रीत. त्यावर मीनाक्षीबाईंचे नाव कोरलेले होते. इन्स्पेक्टरने विचारले, हे कुणाचे? लक्ष्मीनारायण म्हणाले, "कल्हईला आलेलं आहे." आत पेज कशी, असे विचारल्यावर म्हणाले, "गिऱ्हाइकं भांडी घासून कुठं देतात?" एक शिपाई हसला, आणि ते भांडे तिथेच राहिले. हे सगळे शामसुंदरने परत येऊन सांगितले. सांगताना तो हनुमंतरावांकडे न बघता मीनाक्षीबाईंकडे बघत होता.

तो गेल्यावर मीनाक्षीबाईंनी विचारले, "तुम्ही तमिळात का बोललात?"

"रागात होतो. भान नव्हतं."

"भान नव्हतं, तर माझ्या पेजेचं तेवढं सांगायचं कसं राहिलं?"

हनुमंतराव ओसरीवर जाऊन घरंगळलेल्या सोंगट्या गोळा करू लागले. रागाने आंधळा झालेला माणूस समोरचे सगळेच फोडून टाकतो. त्यांच्या रागाने तर नीट निवडून काढले होते: मित्राचे गोदाम सांगितले, आपली चूल झाकली. तमिळात आपण मुद्दाम बोललो की जीभ आपसूक वळली, हे त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिले. कधी वाटे आपसूक. मग पेजेची आठवण येई, आणि त्या उत्तरावर विश्वास बसेनासा होई.

सोमवारी कचेरीत तहसीलदार त्यांच्या मेजाशी आले. "शिरस्तेदार, बरं केलंत. मैत्री आड येऊ दिली नाहीत," ते म्हणाले. मी सांगायला गेलो नव्हतो, तोंडातून गेले, असे म्हणायला ती जागा होती. पेज माझ्या घरची होती, असे म्हणायलाही होती. हनुमंतराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "जी." बाजूचे गुमास्ते कागदांत मान घालून बसले.

खटला तिथल्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत चालला. शामसुंदरने वकीलपत्र घेतले. पेजेची गोष्ट कोर्टात आली असती तर गुन्हा एकट्याचा राहिला नसता, शिक्षाही कदाचित वाटली गेली असती. पण लक्ष्मीनारायणांनी शामसुंदरला ती गोष्ट काढू दिली नाही. हनुमंतराव रोज त्या आवारातून गेले आणि एकदाही आत डोकावले नाहीत. सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. वैद्यनाथलाही तेवढीच.

अलमेलु चोळपुरमहून आली आणि दुकान उघडून बसली. मीनाक्षीबाई रोज दुपारी तिच्याकडे जात. हनुमंतराव बाजाराला जाताना लांबच्या रस्त्याने जाऊ लागले.

दिवाळीच्या सुमारास लक्ष्मीनारायण सुटून आले. हनुमंतराव चार दिवस थांबले, पाचव्या दिवशी दुकानात गेले. लक्ष्मीनारायण गादीवर बसून एक तांब्या पुसत होते. केस पांढरे झाले होते, मान बारीक झाली होती. हनुमंतरावांना पाहून ते अर्धवट उठले आणि हात जोडून म्हणाले, "वांगो, उक्कारुंगो." या, बसा. गिऱ्हाइकाला म्हणतात तसे, तमिळात, आदराने.

हनुमंतराव बसले. "लक्ष्म्या," ते म्हणाले, "त्या दिवशी मी..."

"मुलगी सासरी सुखात आहे ना?" लक्ष्मीनारायणांनी तमिळात विचारले. "जावईबापू कुठं असतात हल्ली?"

"ऐकून तर घे माझं."

"पाऊस बरा झाला यंदा. कावेरीला पाणी चांगलं आहे." तेही तमिळात, अगदी नम्रपणे. मग आतल्या दाराकडे वळून ते मराठीत म्हणाले, "अलमेलु, यांच्यासाठी कॉफी आण गं."

हनुमंतराव कॉफी पिऊन घरी आले. त्यांना शिवी हवी होती. बालपणी दोघे एकमेकांना देत तसली एखादी मराठी शिवी. ती मिळाली असती तर पाय धरता आले असते.

पुढे चार वर्षे दोघे गावात भेटत राहिले. विठ्ठलाच्या भजनाला शेजारी बसले, पंगतीला एका ओळीत जेवले. लक्ष्मीनारायण सगळ्यांशी मराठीत बोलत, थट्टा करत, आणि हनुमंतरावांकडे वळले की तमिळात, अहो-जाहो करत. कुणाजवळ त्यांनी तक्रार केली नाही. नव्या पोरांना वाटे की हे शिरस्तेदार मराठी नसावेतच. सोंगट्यांचा पट मास्तरांच्या घरी गेला. तिथे लक्ष्मीनारायणांसमोर दुसरा भिडू बसू लागला.

एकोणीसशे चौतीस सालच्या मार्गशीर्षात लक्ष्मीनारायण छातीच्या दुखण्याने वारले. हनुमंतराव खांदा द्यायला पुढे झाले, आणि शामसुंदरने बाजूला सरून त्यांना जागा दिली. मीनाक्षीबाई एकोणीसशे एकोणचाळीसच्या आषाढात गेल्या. हनुमंतराव पंकजाच्या घरी, एकोणीसशे त्रेचाळीसच्या पौषात वारले.