चादरींवरचं पिवळं

माझ्या हातच्या चादरीला पिवळी म्हणायची या घरात कुणाची छाती नव्हती. आमच्या ह्यांची झाली, तीही गिऱ्हाइकासमोर. आमची लाँड्री, धुणं माझं, इस्त्री ह्यांची. नुकतेच खोकल्यातून उठलेले, ताटावर धड बसत नव्हते, आणि इस्त्री बाजूला ठेवून म्हणतात, "अगं, ही पिवळट राहिलीय."

"आधी डोळे धुऊन या," मी म्हटलं. पण मनाला लागलं. अख्खा गठ्ठा परत भिजवला, नीळ घातली.

दुपारी वाळवणाच्या खोलीत चादरी संथ हलत होत्या. त्यांच्यामध्ये वाफेत हे उभे, झोपेत हसावं तसे हसत. म्हणाले, "दिव्याभोवती कडं दिसतंय, सोन्याचं. तुझ्याभोवतीही आहे."

जन्मात या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी थबकलेच. चादरी अंगाला लागून जात होत्या, ओली कुठली, कोरडी कुठली कळेना. वाटलं, असंच उभं राहावं.

"समोरच्या शिंपीणबाईभोवतीही आहे," हे म्हणाले. "बादलीभोवतीसुद्धा."

बादली एक वेळ चालली असती. शिंपीण! मनगट धरून ओढलं ह्यांना, तर बोटांखाली नाडी लागली. एक ठोका. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की त्या पोकळीत मी एकटीच उभी, आणि चादरीही हलायच्या थांबलेल्या. मग दोन ठोके एकदम, धडपडत.

राग कुठे गेला कळलं नाही. लेकीला हाक मारली, गाडी बोलावली, दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाची गोळी जुनीच, पण खोकल्याच्या नव्या औषधामुळे ती अंगाबाहेर पडेना, साठत गेली. म्हणून ठोके चुकतात, भूक जाते, सगळं पिवळं दिसतं. "आणखी उशीर झाला असता तर..." म्हणाल्या आणि त्यांनी नर्सला हाक मारली.

छातीला तारा लावून हे पडून राहिले. पडद्यावरची हिरवी रेघ अडखळत जायची. मी तिच्यामागून चालायचे, ती थांबली की थांबायचे. एका सकाळी ती न अडखळता चालू लागली. ह्यांनी डोळे उघडून मला नीट न्याहाळलं आणि हिरमुसून म्हणाले, "गेलं गं कडं."

"जाऊ दे!" मी म्हटलं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "अहो, यापुढे माझं कौतुक करायचं ते शुद्धीवर असताना. औषधाच्या धुंदीतलं मी धरत नाही. आणि त्यासाठी जगावं लागेल तुम्हाला, कळलं?"