पाचवं अंडं

मी एक अंडं बोलतंय. आवाज दबका येत असेल, कारण माझ्यावर एक कोंबडी बसली आहे.

मला घातलं ठिपकी नावाच्या दुसऱ्या कोंबडीनं, परसातल्या खुराड्यात, भुशावर. तेव्हा मी ओलं होतं. तो ओलावा वाळला आणि अंगावर पातळ थर राहिला. तो दिसत नाही, पण बाहेरची घाण तोच अडवतो. शिवाय माझ्या एका बाजूला शीट चिकटली होती. ती मात्र दिसत होती.

दोन दिवसांनी मुंगसानं ठिपकीला नेलं. घरातल्या सासूबाईंचा तिच्यावर फार जीव. मग तिची शेवटची पाच अंडी त्यांनी निमुळतं टोक खाली करून टोपलीत मांडली. लाल कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे उबवायचा हट्ट धरून बसली होती. तिच्याखाली आम्हाला ठेवायचं ठरलं.

"अंडी साफ करून ठेव गं," एवढंच सांगून त्या भुसा आणायला गेल्या. साफ म्हणजे कोरड्या फडक्यानं पुसून, हे त्यांच्या मते कुणालाही कळतं.

सूनबाई नर्स. वॉर्डात करते तेच तिनं घरी केलं. चौघांना साबणानं घासलं, नळाखाली धुतलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. मला उलटसुलट करून पाहिलं. "ही शीट काही निघायची नाही," म्हणाली आणि कचऱ्याच्या डब्यात, भाजीच्या देठांवर ठेवून दिलं. नाही म्हटलं तरी मला ते लागलं.

सासूबाई परतल्या. त्यांनी फ्रिज उघडला, पाहिलं, बंद केला.

"धुतलीस?"

"साफ कर म्हणालात ना, आई."

"पाचवं कुठाय?"

सुनेनं डब्याकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी मला काढलं, शीट नखानं खरवडली, फडक्यानं पुसलं. "धुतलेल्यांचा आता भरवसा नाही. ठिपकीचं एवढंच राहिलं."

सुनेनं स्वतः मला नेऊन लाल कोंबडीखाली ठेवलं. संध्याकाळी चौघांचं ऑम्लेट झालं. कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

आज उबेचा एकविसावा दिवस, पिल्लू बाहेर यायचा. सून ड्युटीवरून आली ती हातही न धुता थेट खुराड्यापाशी. लाल कोंबडीच्या टोचा खात तिनं मला बाहेर काढलं आणि स्टेथोस्कोप टेकवला.

"आई, आतून टकटक येतेय."

सासूबाईंनी नळ्या स्वतःच्या कानांत घातल्या. बराच वेळ काढल्या नाहीत.

"ठिपकीचंच आहे," त्या म्हणाल्या. "तिलाही अशीच घाई असायची." मग सुनेच्या बोटांवर हळद लावली.

मला पुन्हा कोंबडीखाली ठेवलंय आणि मी फुटायला लागलंय. तक्रार नाही. सूनबाई, जाताना एकच विनंती: माझे तुकडे धुऊ नकोस.