होते तेवढे गुण

"गुणांचा रकाना ऐच्छिक म्हणजे काय हो बाई? भरायचं की नाही भरायचं?"

"भरलंत तर विचारात घेतलं जाईल," फोनवरची कॉलेजातली बाई म्हणाली.

"आणि नाही भरलं तर?"

"तर विचारात घेतलं जाणार नाही."

"मग पोरीचा तोटा होईल ना?"

"तोटा होणार नाही."

फोन ठेवून मीटरवाल्याने कपाळावर हात मारला. घरोघरच्या पाण्याच्या मीटरवरचे आकडे टिपण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. तिथे एकतर आकडा मिळायचा, नाहीतर दाराला कुलूप असायचं. दिला तरी चालतो आणि नाही दिला तरी चालतो, असा आकडा त्याच्या बघण्यात नव्हता.

लेक शाळेत प्रात्यक्षिक परीक्षेला गेली होती. आदल्या दिवशी अर्जांची साइट बंद पडलेली, आणि मुदत आज पाचला संपत होती. जाताना तिने पासवर्ड आणि गुण एका चिठ्ठीवर लिहून दिले होते. कॉलेजप्रवेशाची सामायिक चाचणी तिने दोनदा दिली होती. पहिल्या खेपेला गणितात सहाशे चाळीस, भाषेत पाचशे चाळीस. दुसऱ्या खेपेला गणित घसरून पाचशे नव्वद, भाषा चढून सहाशे वीस. कॉलेजं तीन आणि तिन्हींच्या तीन तऱ्हा. एक म्हणे, दोन्ही खेपांतले त्या त्या विषयाचे चांगले तेवढे उचला आणि बेरीज करा. तिथे त्याने बाराशे साठ भरले. लेकीचा सगळा जीव ज्या कॉलेजात अडकला होता, तिथेही तेच भरले. तिसऱ्याचा तो ऐच्छिक रकाना. पाचाला दहा मिनिटं कमी असताना काहीच सुचेना, तेव्हा त्याने तो तसाच सोडला आणि बटण दाबून टाकलं.

चहा घेताना त्याने लेकीच्या आवडत्या कॉलेजचा अर्ज पुन्हा उघडला. रकान्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: एकाच दिवशी दिलेल्या चाचणीचे गुण लिहावेत. म्हणजे दुसऱ्या खेपेचे बाराशे दहा हवे होते.

"राहू द्या की," बायको म्हणाली. "दोन्ही आकडे तिचेच आहेत. चोरून का आणलेत?"

"तिचेच आहेत. पण एका दिवसाचे नाहीत."

"म्हणजे खोटं झालं का हे?"

"तेच तर कळेना."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, दोन बस बदलून तो त्या कॉलेजात पोचला. खिडकीतल्या कारकून बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा वर सरकवला.

"वाढवून घ्यायला रोज दहाजण येतात. कमी करून घेणारे तुम्हीच पहिले."

"कमी नको हो. होते तेवढे करा."

"तसं मूळ गुणपत्रक येतं आमच्याकडे. पडताळून बघतात नंतर."

"मग मी आलो नसतो तरी चाललं असतं?"

"चाललं असतं. नसतंही चाललं." बाईंनी दुरुस्तीचा कागद पुढे केला. "मुलीला विचारलंत ना?"

"हो," तो म्हणाला आणि सही केली. खरं करायला आलो आणि खोटं बोलून निघालो, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा बस सुटली होती. घरी जाऊन लेकीला सांगायचं त्याने ठरवलं. चार दिवस नुसतं ठरवतच राहिला.

पाचव्या दिवशी कॉलेजचं पत्रच लेकीच्या फोनवर येऊन थडकलं. 'पालकांच्या विनंतीवरून एकूण गुण बाराशे साठऐवजी बाराशे दहा.'

"बाबा, तुम्ही माझे गुण कमी करून आलात?"

"होते तेवढे केले, बाळा. चूक माझी होती, मीच—"

"मला विचारायचं तरी!" तिचा आवाज फाटला. "मी केली असती ना दुरुस्ती. मीच केली असती!"

त्यानंतर घरात ती कामापुरतं बोलायची.

महिन्याभराने निकाल आले. आवडत्या कॉलेजने नकार कळवला, कारण दिलं नाही. दुसऱ्याने प्रतीक्षायादीत टाकलं. ज्याचा रकाना कोरा राहिला होता, त्याने मात्र प्रवेश दिला.

"यांनी काय बघून घेतलं मग?" त्याने बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? मला तर आधीपासूनच काही कळलेलं नाही."

नकार त्या पन्नास गुणांमुळे आला, की बाराशे साठ ठेवले असते तरी आलाच असता? त्याने कॉलेजात दोनदा फोन लावला. आम्ही कारणं देत नाही, असं नम्रपणे सांगण्यात आलं. रस्त्याने चालता चालता तो मध्येच थांबायचा, मनाशी बेरीज करायचा आणि पुढे जायचा.

वसतिगृहाचा आरोग्यअर्ज आला, तेव्हा लेक भरायला बसली. तो दाराशी उभा राहिला. जवळ जायचा धीर होईना. रक्तगट, चष्म्याचा नंबर, असं पुटपुटत ती लिहीत गेली. उंचीपाशी तिने 'पाच फूट दोन इंच' लिहिलं. पेन थांबलं. मग तिने ते खोडलं, उठली आणि त्याच्याशेजारीच भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

"मोजा," ती म्हणाली.

त्याने बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली. डोक्यावर वही आडवी धरून भिंतीवर पेन्सिलीची खूण केली, आणि टेप जमिनीपासून वर लावत नेली. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं.

"पाच फूट दीड."

"दीडच?"

"दीडच."

ती बसली आणि तिने दीड लिहिलं.