संध्याकाळची क्लेमेंटीन

क्लेमेंटीनचं दुखणं खोटं ठरण्यात फर्डिनंडचा फायदा होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. दुखणं खोटं, तर पहाटे टेंपोत केळी आणि पालेभाजी भरून निघताना मागे वळून बघायची गरज नाही. दुखणं खोटं, तर भुईगावात लग्नाच्या जेवणातल्या त्याच्या घरच्या फुग्यांचं नाव शाबूत. आणि जमेची सगळ्यात मोठी बाजू म्हणजे दुखणं खोटं, तर मे महिन्यात ठरलेलं ग्रेसीचं लग्न निर्धास्त. सांध्यांचा आजार आईकडून लेकीत उतरतो, असं कुणी नंदाखाल गावच्या व्याह्यांच्या कानात सांगितलं असतं तर त्यांनी गोडीगुलाबीने दुसरं घर शोधलं असतं.

हा हिशेब त्याच्या बायकोनेच, क्लेमेंटीननेच मांडून ठेवला होता. हात चालेनासे झाले की डोकं फार चालतं.

तिच्या दुखण्याची एक वाईट खोड होती. ते सकाळी यायचं. पहाटे डोळा उघडला की बोटं वेलची केळ्यांसारखी टम्म, मनगटं जखडलेली, मूठ म्हणून वळायची नाही. बसायला गेलं तर खांद्यापासून पावलांपर्यंत कुणीतरी गंजलेली बिजागरी बसवून गेल्यासारखं. गरम पाण्याच्या तपेल्यात हात बुडवून बसावं, तेव्हा उन्हं परसातल्या केळीवर यायच्या सुमाराला बोटं सुटायला लागायची. फर्डिनंड अंधारात निघायचा आणि अकराच्या पुढे परत यायचा. तेव्हा बायको दारात बोंबील साफ करत बसलेली असायची. सासू सालोमी चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेला जायची आणि येताना दोन घरी चहा घेऊन यायची. ग्रेसीची सकाळ कंपनीची बस पकडण्यात जायची.

आणि डॉक्टर? वसईपासून विरारपर्यंतचे सगळे डॉक्टर संध्याकाळी बसायचे. थोडक्यात, आजारी क्लेमेंटीन कुणी पाहिलीच नव्हती. सगळ्यांनी पाहिली ती तिची संध्याकाळची जुळी बहीण.

"मूठ वळा," एका डॉक्टरने सांगितलं होतं. तिने वळली. "बघा, वळते की!" म्हणून त्याने कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. दुसरा म्हणाला, वय झालं. तेव्हा ती चव्वेचाळीसची होती आणि डॉक्टर स्वतः साठीचा. तिसऱ्याने डाळ आणि टोमॅटो बंद केले. चौथ्याने एक्स-रे उजेडात धरला, मग तो तिच्याऐवजी फर्डिनंडकडे बघून म्हणाला, "घरात लग्नकार्य आहे का? मग टेन्शनने होतं असं. बायकांना होतं." फर्डिनंडला हा डॉक्टर फार हुशार वाटला. घरी येईपर्यंत तो त्याचं कौतुक करत होता. पाचव्या-सहाव्याने नवं काही सांगितलं नाही.

"आमच्या वक्ताला विहिरीचा पानी काढून काढून हाताला घट्टे पडले," सालोमी म्हणायची. "आमाला नाय कोनी इचारला, काय दुखते गो बाय."

"म्हणून मलाही कुणी विचारू नये, असंच ना, आय?"

"मी कुठं बोलली तसा?"

बोलली नव्हती. सालोमी असं काही बोलायचीच नाही, ज्याचा पुरावा राहील.

फुग्यांचं सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच अडलं होतं. लग्नाच्या जेवणात मटणाच्या रश्शाबरोबर फुगे लागतात. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध घालून फेसलेलं सैल पीठ रात्रभर फुगवायचं, मग मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून लिंबाएवढा गोळा तापल्या तेलात सोडायचा. गोळा गोल पडला तर फुगतो आणि पोकळ होतो. हात चुकला तर शेपटीवाला दगड. क्लेमेंटीनचे फुगे हातात घेतले तर वजन लागत नसे. गावातल्या लग्नांत तिला तेलाच्या कढईपाशी मानाची जागा असायची आणि फर्डिनंड मांडवात फिरून सांगायचा, "आमच्या मॅडमनी केलेत."

नाताळच्या आधी लागोपाठ लग्नं होती. तेव्हा फ्लॉसीने, म्हणजे शेजारणीने, तुळिंजच्या पुडीवाल्याचं नाव सांगितलं. त्याला पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती, रांग गल्लीच्या तोंडापर्यंत यायची. तो नाडी बघायचा, "हाडात वारा शिरलाय" म्हणायचा आणि गुलाबी कागदाच्या पुड्या द्यायचा.

पहिल्या दोन-तीन पुड्यांतच चमत्कार झाला. क्लेमेंटीन सकाळी उठली आणि तिची मूठ वळली. ती परसात जाऊन रडली. मग फ्लॉसीच्या मुलाच्या लग्नात तिने असे फुगे काढले की वऱ्हाडी खिशात घालून घेऊन गेले.

"बघ!" फर्डिनंड म्हणाला. "काही नव्हतंच. उगाच डॉक्टर डॉक्टर करत होतीस."

पुड्या चालू राहिल्या. तिचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला. चर्चच्या पायऱ्यांवर बायका म्हणाल्या, तब्येत छान सुधारली हो. मग तहान लागायला लागली, घडाभर पाणी पुरेना. पुडीचा जोरही उतरत चालला. एकाच्या दोन, दोनाच्या तीन. साखर तपासायला ती तुळिंजच्या एका लॅबमध्ये गेली, तिथे रक्त काढणाऱ्या हेतलने सुई टोचण्याआधी तिचं तोंड नीट न्याहाळलं.

"आंटी, पुडी घेता का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"माझी मासीपण घ्यायची. तोंड असंच झालं होतं, एकदम चांदोबा. मनवेलपाड्याला एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे जा. तोंडाने कडू आहेत, पण बघतात."

फर्डिनंड गेला तो नाइलाजाने. साखर वाढलेली निघाली होती, आणि साखर हा कसा सभ्य आजार. व्याह्यांच्या घरीही दोघांना होता.

डॉक्टर सुरुची तळवडेकरांचा दवाखाना पिठाच्या गिरणीला लागून होता, भिंत थरथरायची. बाई गिरणीवर आवाज चढवून बोलायच्या, त्यामुळे आतलं दुखणं बाहेरच्या बाकावर सगळ्यांना कळायचं. क्लेमेंटीनने आत जाताच सवयीने दोन्ही हात पुढे केले आणि मूठ वळून दाखवली. सातव्या डॉक्टरने सांगण्याआधीच.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "सकाळी ब्लाऊजची बटणं कोण लावतं?"

क्लेमेंटीनला वाटलं, गिरणीमुळे नीट ऐकू आलं नाही.

"बटणं, बटणं. तुम्हाला लागतात का सकाळी?"

"नाही."

"मग?"

तिने फर्डिनंडकडे बघितलं नाही. "रात्रीच घालून झोपते. उद्याचे कपडे."

गिरणी नेमकी तेव्हाच थांबली. फर्डिनंडने घसा खाकरला. त्याला वाटायचं, बायको आळशी झालीय. दोनदा त्याने तसं म्हणूनही दाखवलं होतं, एकदा पाहुण्यांसमोर.

"केस?"

"ग्रेसीने वेणी घालून दिली तर. नाहीतर डोक्याला रुमाल."

"आणि नळ?"

"कोपराने उघडते."

बाई लिहीत होत्या. क्लेमेंटीनला खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण तिला आला तो संताप. सहा जणांच्या बाकांवर ती बसली होती, सहा जणांनी तिची जीभ बघितली होती, आणि एवढासा प्रश्न कुणाच्या तोंडून निघाला नव्हता.

"हे आधी कुणी का नाही विचारलं?" ती जवळजवळ ओरडली.

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "मीही संध्याकाळीच बसते. उद्या पहाटे या, सहाला. मी वरच राहते. आंघोळ नको, शेक नको, उठाल तशा या. पुडी बरोबर आणा, इथे आल्यावर घ्या. एकदम बंद करायची नाही, ते धोक्याचं असतं. आणि मिस्टर, तुम्ही आणायचं."

"माझा टेंपो असतो हो पहाटे. माल सडतो."

"मग माल सडू दे."

दुसऱ्या दिवशी टेंपो भाच्याच्या ताब्यात देऊन फर्डिनंड पहिल्यांदा बायकोच्या सकाळीला घरी थांबला. "चल, ऊठ," म्हणाला. ती उठली नाही. तिने आधी डावं कोपर गादीत रोवलं, मग कूस बदलली, मग थांबली. पाठीवर उलथा पडलेला खेकडा जसा पाय मारत राहतो तसं काहीसं चाललं होतं, फक्त आवाज न करता. फर्डिनंडने मदतीला तिचा हात धरून ओढला आणि ती अशी किंचाळली की सालोमी जपमाळ टाकून धावत आली.

"काय केलास तिला?"

"मी काय केलं? नुसता हात धरला!"

शेवटी त्याने तिला काखेत हात घालून उभं केलं. स्कूटरवर ती त्याला धरू शकत नव्हती, म्हणून सालोमीने तिला जुन्या ओढणीने त्याच्या पाठीशी बांधलं. मनवेलपाड्यापर्यंत फर्डिनंड प्रत्येक खड्ड्यापाशी स्कूटर हळू करत गेला.

डॉक्टरबाई गाऊनवरच बसल्या होत्या. त्यांनी एकेक बोट हलक्या हाताने दाबलं, पावलं दाबली, मानेचा कल बघितला. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांपाशी त्या बराच वेळ थांबल्या.

"हा संधिवात आहे. वयाचा नव्हे, टेन्शनचा नव्हे. तुमचं स्वतःचंच रक्त तुमच्या सांध्यांवर उलटलंय. पुडीत स्टिरॉइड आहे, त्याने सूज झाकली जाते, आत मोडतोड चालू राहते. मी गोळी देते, आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची, रक्त तपासत राहायचं. गुण यायला दोन-तीन महिने लागतील. बरं होणार नाही. ताब्यात राहील. आणि मधे पुडी हळूहळू कमी करताना त्रास वाढेल."

"ही दोन बोटं?"

"ती गेली. वर्षभरापूर्वी आला असता तर वाचली असती. बाकीची वाचवू."

वर्षभरापूर्वी ती टोमॅटो सोडून बसली होती.

"डॉक्टर," फर्डिनंड हळूच म्हणाला, "मेमध्ये मुलीचं लग्न आहे. तोपर्यंत पुडी चालू ठेवली तर? नंतर मग तुमचं औषध. हिच्या हातचे फुगे—"

"त्यांना विचारा. बोटं त्यांची आहेत."

घरी तीन दिवस भांडण पुरलं. पुढे कुणाला काय मिळणार हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. पुडी घेतली तर मांडवात हसतमुख आई, हलके फुगे, निर्धास्त व्याही. नाही घेतली तर खुर्चीत बसवलेली बाई आणि सगळ्या नंदाखालच्या नजरा तिच्या हातांवर.

"एक लग्नापुरतं, क्लेमेंटीन," फर्डिनंड म्हणाला. "पोरीसाठी."

"फ्लॉसीच्या पोरासाठी एक बोट दिलं. नाताळच्या लग्नांना दुसरं. ग्रेसीसाठी कुठलं देऊ, तू निवड." तिने हात त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. "बघ की. अंगठा घे हवा तर."

त्याने बघितलं नाही. उठून टेंपो धुवायला गेला, तोही नुकताच धुतलेला. बोलली ती सालोमी, दारातून.

"रहू दे रे फर्डिनंड. मी बगितलाय तिला सकाळची. पयल्यापासून बगितलाय."

"मग बोलली का नाहीस, आय?" क्लेमेंटीनने विचारलं.

सालोमी उंबऱ्यावर टेकली. "बोलली असती, तर पानी कोनी तापवला असता? माज्यावर आला असता."

क्लेमेंटीनने सासूला त्या क्षणी माफबीफ केलं नाही. पण इतक्या वर्षांत म्हातारीच्या तोंडून पुराव्याचं वाक्य निघालं, हे तिने जमा धरलं.

लग्नाच्या दिवशी ती खुर्चीतच बसली. साडी फ्लॉसीने नेसवली, हात मांडीवर उघडे. रुमालाखाली लपव, म्हणून ग्रेसी सकाळीच रडून झाली होती, तरी तिने ते लपवले नाहीत. जेवणाच्या वेळी वराची आई मार्था शेजारी येऊन बसली आणि तिने सरळच विचारलं, "हाताला काय झालंय?"

"संधिवात. औषध चालू आहे. ग्रेसीला होईलच असं काही नाही, होणारच नाही असंही डॉक्टर म्हणत नाहीत."

मार्थाने ताटातला फुगा मोडायला घेतला. तो मोडेना. कढईपाशी यंदा फ्लॉसी होती. पडलेल्या प्रत्येक गोळ्याला शेपटी होती.

"हं," मार्था म्हणाली आणि फुगा रश्शात बुडवून मऊ होण्याची वाट बघत बसली. त्या 'हं'मध्ये काय होतं, ते क्लेमेंटीनला आजतागायत कळलेलं नाही. ग्रेसी नंदाखालला नांदते आहे. टोमणा बसतो तो फुग्यांवरून, आजारावरून नाही.

पावसाळा संपता संपता एका सकाळी तिने ब्लाऊजची बटणं स्वतः लावली, खालची दोन सोडून. ती फर्डिनंड लावतो, जाड बोटांनी, चुकीच्या काजात.

आता बेरीज. कडक फुगे पाहुण्यांनी खाल्ले, त्यांचे दात गेले नाहीत. फर्डिनंडची पहाटेची फेरी भाच्याकडे गेली आणि मांडवातली मिरवणूक गेली. पुडीवाल्याचं काही गेलं नाही, तुळिंजला रांग अजून गल्लीच्या तोंडापर्यंत येते. सहा डॉक्टरांचं काही गेलं नाही. त्यांना तर काही घडल्याचंही माहीत नाही, ते आजही संध्याकाळी बसतात. दोन बोटं गेली, ती क्लेमेंटीनची.