भांडखोर बुरशीचं पिवळं पाणी

मी बुरशी बोलतेय. नाक नका मुरडू! तुमच्या लोणच्यावर चढते ती माझी लांबची बहीण, तिला काही वळण नाही. मी समुद्रातली.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यापाशी एका स्पंजाच्या पोटात माझा जन्म झाला. स्पंज म्हणजे खडकाला चिकटून बसणारा मऊ जीव. तिथे ही गर्दी! जंतू घरात घुसायला बघायचे. मी पिवळं पाणी सोडलं, की त्यांची पळता भुई थोडी व्हायची.

मग माणसांनी मला बाटलीत घालून हैदराबादला आणलं. देशाचा बाजार परदेशी कंपन्यांना नुकता खुला झाला होता. जो तो कारखानदार म्हणे, बाहेरच्यांची नक्कल किती दिवस करायची, आपलं नवं औषध काढू. अशाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचीगुड्याची प्रणिता माझी मालकीण. कसले लाड! बटाट्याचं पाणी, वर साखर, काचेची स्वच्छ बशी. रोज डोकवायची, "आजीबाई, द्या ना पिवळं."

मी कशाला देते? पोट तुडुंब, वैरी एक नाही. पांढरी, गुबगुबीत होऊन बसले. तिचं तोंड बघून मजा यायची.

मजा संपवली तिच्या साहेबांनी, हर्षवर्धन सरांनी. "प्रणिताबाई, किती परेशान व्हायचं? हिला कुकरात टाका, काम बंद करू."

हा कुकर भाताचा नव्हे, वाफेनं जीव घेणारा. माझी बोबडी वळली.

प्रणिता म्हणाली, "सर, आमची भामाआत्या अशीच गप्प बसते. नळावर शेजारीण आली की बघा तिचा आवाज! हिला एकटीला ठेवलं, तेच चुकलं."

"म्हणजे हिला शेजारीण आणायची?"

"हौ सर. समुद्रातलीच."

सर हसले. "आणा. नाही जमलं तर दोघी कुकरात."

प्रणितानं माझ्याच बशीत समोर एक जंतू सोडला. जंतू कसला, जंतीण म्हणा! मेली सरळ माझ्या बटाट्यात हात घालायला लागली. मग मी लाडबीड विसरले, पदर खोचला. थोड्याच दिवसांत आम्हा दोघींच्या मधे पिवळीधमक रेघ!

"सर, आजी भांडली!" प्रणिता ओरडतच सुटली.

ते पिवळं त्यांनी कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंवर टाकून पाहिलं. थेंबाभोवतीचे सगळे मेले. अजून उंदरांवर बघायचंय, मग माणसांवर, वर्षं जातील. पण काम बंद पडलं नाही, आणि प्रणिता आता गुणगुणत येते.

मी सध्या शीतपेटीच्या गारठ्यात, एका नळीत झोपलेय. शेजारच्या नळीत ती मेली जंतीणही झोपलीय. तुम्हाला पिवळं हवं तेवढं देईन, बाबांनो. फक्त मला उठवाल तेव्हा तिलाही उठवा. आमचं भांडण अर्ध्यावर राहिलंय.