तीनशे शहाण्णव अंश

मुख्याध्यापक साहेब, चिमीच्या वृत्तालेखावर लाल फुली तुम्ही मारलीत. बाजूला लिहिलंत, ‘टक्क्यांची बेरीज ११०. दहा टक्के वगळा, नाहीतर प्रदर्शनातून बाद.’ खाली सही अशी ठोकलीत, जणू गड जिंकला. पोरीला एक शब्द विचारायची तसदी घेतली नाहीत. आता तिच्या वर्गशिक्षकाकडून ऐका.

विषय तुमचाच होता: घरातल्या एका माणसाचा दिवस. चिमीने आई निवडली, दवाखान्याच्या चादरी धुणारी. आठ दिवस पोरगी घड्याळ घेऊन तिच्या मागे. मग हिशेब मांडला. शंभर टक्के म्हणजे पूर्ण वर्तुळ, तीनशे साठ अंश. म्हणून एका टक्क्याला तीन पूर्णांक सहा. झोप पंचवीस टक्के, नव्वद अंश. नोकरी पस्तीस, एकशे सव्वीस. स्वयंपाक-धुणीभांडी पंचवीस, पुन्हा नव्वद. अंथरुणाला खिळलेल्या आजीचं करणं वीस, बहात्तर. चिमीचा अभ्यास घेणं पाच, अठरा. कोनमापक फिरत गेला आणि आजीपाशीच वर्तुळ संपलं. उरलेली आजी आणि अख्खा अभ्यास झोपेच्या फाकेवर जाऊन बसले.

चूक कुठली? ती बाई भाजी चिरता चिरता पाढे घेते, आजीला भरवता भरवता शेगडीवर नजर ठेवते. एका तासात दोन तास कोंबते.

फुलीचा कागद घेऊन चिमी घरी आली ती तोंड पाडून. आई भाजीच चिरत होती.

“एवढंच ना? झोप काप. तिला कापायची सवय आहे सगळ्यांना.”

“मग चोपन्नच अंश झोपणार तू?”

पलंगावरून आजी म्हणाली, “माझे वीस कशाला गं? दहा पुरेत. म्हातारीने किती पाय चेपून घ्यायचे!”

“तुम्ही गप पडा हो, आई.”

चिमीने खोडरबर उचललं. “जाऊ दे. माझा अभ्यासच काढते. पाच तरी कमी होतील.”

विळी थांबली. “त्याला हात लावलास तर बघ!”

कोपऱ्यात बाबांचं शिलाई मशीनही थांबलं. बाबा शिंपी, बोलतात कमी, कापतात जास्त.

“टक्क्याला किती अंश म्हणालीस?”

“तीन पूर्णांक सहा.”

“साडेतीन धरू.”

“बाबा! शंभर टक्क्यांत दहा अंश खाल!”

“बरं बाई, मास्तरीण. तू आख, मी कापतो.”

नोकरीला दवाखान्याच्या गणवेशाचं निळं कापड, झोपेला विरलेली चादर, अभ्यासाला चिमीचा आखूड झालेला पिवळा फ्रॉक. शिवणीपुरती माया सोडून बाबांनी पाचही फाका कापल्या आणि एकीला एक जोडत गोल पुरा केला. चिमीने इस्त्री फिरवली. इकडे दाबलं की तिकडे उठतं.

“बाबा, हे सपाट बसतच नाही.”

“बसेल कसं? गोलात जास्तीचं कापड घातलं की घेर पडणारच. फ्रॉकला आपण मुद्दाम पाडतो. तुझ्या आईला तो रोजचाच आहे.”

आई हात पुसत आली. लाटांवरून बोट फिरवत पिवळ्या फाकेशी थांबली.

“ही कुठली गं?”

“मी पाढे म्हणते ती.”

आईने ते कापड मांडीवर घेतलं. पिवळी फाक तळव्याने नीट करत राहिली. नीट होईना, तरी करत राहिली. “बाराचा पाढा म्हण,” एवढंच म्हणाली. चिमीने म्हटला. मध्ये चुकली, तरी कुणी टोकलं नाही. भाजी अर्धीच चिरलेली राहिली. त्या संध्याकाळी आईने, चिमीला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा, एका वेळी एकच काम केलं.

साहेब, ते कापड आता तुमच्या टेबलावर आहे. प्रदर्शन सोमवारी. दाबून बघा, इस्त्री फिरवून बघा. नाही बसलं, तर कात्री घ्या. पण कापण्याआधी पाचांतली कुठली फाक जास्तीची आहे, ते सहीनिशी लिहून द्या. सही तर तुम्हाला छान येते. चिमी दाराबाहेर बाकावर बसली आहे. तिला सांगा, कुठली?