रुपीबाईच्या कपाळाचं वचन

घनश्याम पास्टरनं जगाचा शेवट फ्लेक्सवर छापून आणला होता. वणीच्या ज्या दुकानात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक छापतात, तिथंच छापलेला. त्यामुळं सात डोक्यांच्या श्वापदाचे गाल गुलाबी झाले होते आणि खाली कोपऱ्यात चुकून 'शुभेच्छुक' एवढं राहून गेलं होतं. मारेगावच्या बाजूच्या त्या कोलामपोडावर, म्हणजे कोलामांच्या वाडीवर, टिनाच्या शेडमध्ये, दर रविवारी वीस-बावीस माणसं त्या फ्लेक्ससमोर चटईवर बसत आणि घाबरून घरी जात. सत्यभामाला मात्र त्या श्वापदाकडं बघून हसूच फुटायचं. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली ती, आणि शेडमध्ये पुस्तक उघडून वाचू शकणारी पास्टरखेरीज तीच एकटी.

हा घनश्याम राजूरचा. आधी तो शक्तीच्या गोळ्या विकायचा. तेव्हाही त्याच्याकडं असाच एक तक्ता होता. वर एक माणूस, खाली दोन, त्याखाली चार. गोळ्या खपेनात, तेव्हा नागपूरला पंधरा दिवसांचं शिबिर करून आला आणि पास्टर झाला. तक्ता बदलला, टाय तोच राहिला.

त्या साली बोंडअळीनं कपाशीची माती केली. बोंड बाहेरून टच्च आणि आत सडकं. पोडावरची सगळी तोंडं उतरली होती, घनश्यामचं तेवढं खुललं होतं. बायबलातल्या शेवटल्या पुस्तकात पाताळातून टोळ निघतात आणि पाच महिने माणसांना छळतात. तेच हे, असं त्यानं ठरवूनच टाकलं. "जुलै ते नोव्हेंबर. मोजा बोटावर!" असं तो ओरडायचा, आणि माणसं खरंच बोटं मोजायची. आता त्या पुस्तकातल्या टोळांना सिंहाचे दात, बाईचे केस, विंचवाची शेपटी. सत्यभामा रोज बोंडं फोडत होती. आतली अळी नखानं दाबली की फचकन फुटायची. कुठले दात आणि कुठले केस! पण मेल्याला विचारणार कोण? तिचा नवरा उकंडा तर मान डोलवायलाच जन्माला आलेला.

इथवर ठीक होतं. फुकटचा तमाशा म्हणून ती सोडून देत होती. मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घनश्याम श्वापदाच्या खुणेवर घसरला.

"ज्याच्या उजव्या हातावर नाहीतर कपाळावर खूण, तो श्वापदाचा माणूस! त्याच्यासाठी अग्नीचं तळं!" असं म्हणत त्यानं चटईवरून नजर फिरवली, आणि ती रुपीबाईवर येऊन थांबली.

रुपीबाई म्हणजे सत्यभामाची सासू. सत्तरीची. कपाळावर तीन हिरवे ठिपके, उजव्या मनगटावर ठिपक्यांची फुली. सात वर्षांची होती तेव्हा आईनं तिचं डोकं मांडीत दाबून धरलं होतं आणि गोंदणारणीनं सुया टोचल्या होत्या. लुगडं, पाटल्या सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, त्यावरूनच वरची माणसं आपल्या माणसाला ओळखतात, असं आईनं तिला रडताना सांगितलं होतं.

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे प्रभुभोजन. भाकरी आणि द्राक्षरसाऐवजी ग्लुकोज बिस्किटाचा तुकडा आणि टोपणभर जांभळं सरबत. ताटली रुपीबाईपाशी आली, तिनं ओंजळ पुढं केली, आणि घनश्यामनं ताटली वर उचलली. "आजी, खूण हाये तोवर नाई. प्रार्थना करा."

साठ वर्षांचं गोंदण प्रार्थनेनं पुसतं का रे, उपटसुंभा? ही बाई तीन वर्षं शेड झाडते, तुझ्या चपला उन्हातून सावलीत ठेवते, आणि तिच्या हातावर तुला बिस्किटाचा तुकडा ठेववत नाही! सत्यभामाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण भर शेडमध्ये सासूनंच तिचा हात दाबून धरला.

घरी आल्यावर सत्यभामा म्हणाली, "आत्या, तुम्ही मनावर नका घेऊ. तुमचं गोंदण झालं तवा थो जलमला बी नव्हता."

"पुस्तकात हाये म्हणते ना वं थो," रुपीबाई म्हणाली. "माह्यी बिजली तिकडं हाये. मले दारातूनच हाकललं तं तिले कसं भेटू?"

बिजलीबाई ही तिची लेक. तीन वर्षांपूर्वी तापात गेली. शेडमधलीच, बाप्तिस्मा झालेली. म्हातारी दर रविवारी जायची ती याच एका आशेवर, की लेक आधी पोचली आहे आणि आपणही तिथंच जाणार.

बुधवारी भर दुपारी सत्यभामा वेचणीवरून पाणी प्यायला घरी आली. चुलीपाशी करपलेला वास. रुपीबाई चिमट्यात बिब्बा धरून बसली होती, त्यात सुई खुपसलेली, आणि बिब्ब्याचं कढत तेल कपाळभर. कातडी फुगून फोड उठले होते. डोळे मिटत आले होते.

"हातावरचं उद्या काढतो," ती म्हणाली. "आज नाई सोसत."

सत्यभामानं बिब्बा हिसकून फेकला आणि ती ओक्साबोक्शी रडली. मारेगावच्या दवाखान्यात पट्टी बांधून आणली. मग शनिवारी वेचणी सोडून ती उंबऱ्यात बसली आणि घरातल्या बायबलातलं ते शेवटलं पुस्तक तिनं पहिल्या ओळीपासून वाचून काढलं. वाचता वाचता तिचे डोळे लकाकले. असं होय! बरा सापडलास, बाबू!

रविवारी घनश्यामनं फ्लेक्सला काठी लावली न लावली तोच ती उभी राहिली.

"पास्टर, नवव्या अध्यायात काय लिवलं हाये? टोळायले हुकूम हाये का गवताले, झाडाले, कोण्याच हिरव्याले हात लावाचा नाई. मंग कपाशी कोणं खाल्ली?"

"बहिणी, त्याचा अर्थ आत्मिक असतो..."

"असंन. अजून आयका. ज्याच्या कपाळावर देवाचा शिक्का नाई, टोळ त्यालेच डसतीन. सातव्या अध्यायात दूत येते अन् देवाच्या माणसायच्या कपाळावर शिक्का मारते. कपाळावर खूण देवाची बी रायते, समजलं? तुमचं कपाळ तं लय चकाचक दिसून राह्यलं!"

शेड खदखदून हसलं. मान डोलवणारा उकंडासुद्धा हसला. घनश्यामनं रुमालानं कपाळ पुसलं, तेव्हा तर माणसं पोट धरून हसली. त्यानं घाईघाईनं गाणं सुरू केलं. सत्यभामा ऐटीत खाली बसली. जिरवली मेल्याची!

शेजारी रुपीबाई हसत नव्हती. तिचा हात पट्टीवर होता.

"मंग थे देवाची होती का वं?" तिनं हळूच विचारलं. "अन् म्या जाळून टाकली?"

सत्यभामाच्या तोंडचं पाणी पळालं. पास्टरचं नाक कापायच्या नादात शेजारी कोण ऐकतंय याचं तिला भानच राहिलं नव्हतं. अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय! त्यानं म्हातारीला एकदा दाराबाहेर काढलं होतं, हिनं दुसऱ्यांदा काढलं.

घरी येऊन उंबऱ्यात बसल्यावर रुपीबाईनं पुस्तक दोन्ही हातांनी सुनेपुढं धरलं. "तुले सारं वाचता येते. पाह्य ना, जाळलेल्याचं काई लिवलं असंन. बिजली मले आता कायच्यावरून वळखंन?"

सत्यभामानं पानं उलटली. असं काही कुठंच नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. शेवटाला स्वर्गाच्या नगरीचं वर्णन होतं, तिच्या तटाच्या पायाभरणीत कोणकोणती रत्नं बसवली त्यांची यादी. पाचवं गोमेद, सहावं सार्दि. त्या यादीवर तिनं बोट ठेवलं आणि शाळेत धडा वाचायची तशी खणखणीत वाचू लागली:

"ज्याची खूण जळाली, त्याला देव डागावरून ओळखील, आणि आधी गेलेलं त्याचं लेकरू त्याला दारातच भेटेल."

"कितवं वचन?"

"अध्याय एकवीस, वचन वीस."

"एकवीस-वीस," म्हातारी म्हणाली. मग भाकरी थापताना, शेळी सोडताना, महिनाभर तिच्या तोंडी तेच.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती पट्टीशिवाय आली. कपाळावर गुलाबी, चकचकीत डाग. ताटली समोर आली तेव्हा तिनं ओंजळ पुढं केली नाही. ती उभी राहिली आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं वचन म्हणून दाखवलं, शेवटी आकड्यासकट.

सत्यभामानं घनश्यामकडं पाहिलं. घनश्यामच्या काखेत पुस्तक होतं. एक पान उलटलं असतं तरी तिथं गोमेद आणि सार्दि निघाले असते, आणि म्हातारी पुन्हा दाराबाहेर गेली असती. याच पुस्तकावर तो सहा महिने घसा फोडत होता.

त्यानं भुवया आवळल्या, डोळे मिटले, आठवल्यासारखं केलं.

"हो हो, एकवीस-वीस," तो म्हणाला. "मी आज त्याच्यावरच बोलणार होतो. आमेन."

आणि ताटली खाली आली. रुपीबाईनं बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळत बसली. सत्यभामानंही आमेन म्हटलं, सगळ्यांत मोठ्यानं.